केटी लॅप आणि आमची गल्ली

‘ही नर्स हाय का गं?’ आत्याबाईंनी कव्हरवर बोट टेकवून विचारलं.

कव्हरवर एक गोरी मुलगी होती. डोक्याला पांढरी, आरपार दिसेल इतकी पातळ टोपी, टोपीच्या नाड्या खांद्यावर सोडलेल्या, अंगात निळा बिनफुलांचा झगा. मागं मक्याचं रान आणि रस्त्यानं चाललेली घोड्याची बग्गी. मी म्हटलं, नर्स नाही, शेतकऱ्याची लेक आहे, अमेरिकेतली. आत्याबाईंना ते काही पटलं नाही. त्यांच्या माहितीतली अमेरिका म्हणजे माझी भाची राहते ती, दारात दोन गाड्या आणि घरात भांडी धुणारं यंत्र असलेली.

पुस्तकं त्या भाचीनंच आणली होती. ती पेन्सिल्व्हेनियात असते. लँकेस्टर परगणा तिला गाडीनं जवळ पडतो आणि तिथं आमिश लोकांची मोठी वस्ती आहे. तिकडची वाचनालयं जुनी पुस्तकं कवडीमोलानं विकतात, त्यातून तिनं पिशवीभर उचलली. मी बीड जिल्ह्यातल्या केजला कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि हाताला लागेल ते वाचते, हे तिला ठाऊक. ‘मावशी, सगळ्या लव्ह स्टोऱ्या आहेत, पण एकदम सोज्वळ. घरातल्या आजींसमोर वाचल्या तरी चालतील,’ म्हणाली. आजींसमोर वाचायची वेळ खरोखरच येईल, असं काही तिच्या मनात नसावं.

मे महिना होता, कॉलेजला सुट्टी. केजला मे महिन्यात दुपारची वीज गेली की स्लॅबच्या घरात बसवत नाही. आमचं घर जुनं, माळवदाचं; ओसरीवर त्यातल्या त्यात गार असतं. म्हणून गल्लीतल्या बायका आपापलं काम घेऊन आमच्याकडे येतात. समोरच्या काकू सुपात तूर घेऊन निवडायला बसतात, आत्याबाई वाती वळतात, भांड्याला येणाऱ्या मावशी काम उरकून भिंतीला पाठ लावून घटकाभर टेकतात. काकूंची नात बारावी होऊन डॉक्टरकीच्या परीक्षेला बसणार होती. तिचं जाड पुस्तक मांडीवर आणि कान आमच्याकडे. ‘एकटीच काय हसायलीस गं? काय लिव्हलंय एवढं?’ काकूंनी विचारलं आणि मी सांगायला लागले. सुट्टी संपेपर्यंत सुटका झाली नाही.

आधी आमिश कोण ते सांगावं लागलं. सोळाव्या शतकात युरोपात ख्रिस्ती धर्मातून एक पंथ निघाला. तान्ह्या बाळाला दिलेली दीक्षा त्यांना मान्य नव्हती. मोठेपणी समजून-उमजून घेतली तीच खरी, असं त्यांचं म्हणणं. त्यापायी त्यांचा फार छळ झाला. पुढे १६९३ च्या सुमारास याकोब अमान नावाच्या कडक धर्मगुरूनं त्यातूनही वेगळी चूल मांडली. त्याच्यामागं गेले ते आमिश. अठराव्या शतकात ते अमेरिकेत आले, आज ४ लाखांच्या आसपास आहेत. घरात आपसांत अजूनही जर्मन वळणाची बोली बोलतात. हे सगळं मी ओसरीवर सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की हे देवभोळे लोक आहेत, साधं राहायचं, रंगीबेरंगी नेसायचं नाही, फोटो काढायचा नाही, मोटार विकत घ्यायची नाही, विजेची तार घरात आणायची नाही.

‘मोटारीत बसायचंच नाही?’ काकू.

‘दुसऱ्याच्या गाडीत भाडं देऊन बसलेलं चालतं.’

‘मग तर बाई लई हुशार हायेत की!’

मी आधी घेतली होती ती बेव्हर्ली लुईस यांची ‘द शनिंग’. १९९७ साली निघालेली, पुढं १० लाखांहून जास्त खपलेली. केटी लॅप नावाची मुलगी, विशीतली. डॅनियल नावाच्या मुलावर तिचा जीव होता, तो पाण्यात बुडाला म्हणतात. पंथाला गिटार चालत नाही, हिला गाण्याचा नाद. लग्नाचं वय उलटत चाललं म्हणून आई-बाप तिचं लग्न ठरवतात ते गावच्या बिशपशी. तो विधुर, पदरात लेकरं. इथं मला ‘विधुर’ हा शब्द पुरा करूच दिला नाही.

‘बिजवराला दिली!’ आत्याबाईंच्या हातातली वात थांबली.

अमेरिकेतल्या वाचकाला इथं दोन-चार पानं खर्ची घालून सांगावं लागलं असेल, की विशीतल्या पोरीला पाच लेकरांच्या बापाच्या घरी जाताना काय होतं. आमच्या ओसरीवर एका शब्दात काम झालं. काकूंच्या सख्ख्या बहिणीला बिजवराकडे दिलेली. आत्याबाईंच्या आईला तर तिजवराकडे. पुढचा अर्धा तास केटी बाजूलाच राहिली. काकूंच्या बहिणीनं सवतीच्या लेकरांना कसं वाढवलं आणि म्हातारपणी त्यातल्या एकानंच तिला कसं विचारलं, ते ऐकण्यात गेला. मग केटीला माळ्यावर सॅटिनचं एक झबलं सापडतं. आमिशांच्या घरात सॅटिन कुठून आलं? आईला घाम फुटतो. केटी पोटची नाही, दत्तक आहे, बाहेरच्या कुठल्या श्रीमंत बाईची. आणि लग्नाच्या दिवशी, भरल्या मांडवातून, ती उठून जाते.

‘अगं बाई!’ असं सगळ्या एकदम म्हणाल्या. त्यात धक्का किती आणि समाधान किती, ते मला वेगळं काढता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रश्न आले ते लग्नाचे. हुंडा किती? नाही. सोनं? अजिबात नाही, साधी अंगठीसुद्धा नाही. मग लग्न झालं हे कळतं कसं? लग्नानंतर पुरुष दाढी वाढवतो, त्याआधी गुळगुळीत असतो. हे काकूंना इतकं आवडलं की त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. ‘म्हणजे मंगळसूत्र गड्याच्या गळ्यात!’ नवरी शालू? निळा झगा, बहुतेक तिनं स्वतः शिवलेला. वर पांढरा ॲप्रन. तो ॲप्रन लग्नानंतर जपून ठेवतात आणि ती बाई मेली की तोच घालून पुरतात. यावर कुणी हसलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, ‘आपल्याकडं पण सवाष्ण गेली की हिरवं नेसवत्यातच की.’

लग्नं कधी? लँकेस्टरकडे पीक निघाल्यावर, नोव्हेंबरात, तीही मंगळवारी नाहीतर गुरुवारी. तीन-चारशे माणूस जेवतं. जेवणात सेलरी नावाची भाजी हटकून असते. ज्या घरात त्या साली सेलरीचे वाफे जास्त दिसतात, तिथं पोरीचं लग्न ठरलंय असं गाव ओळखतं. जेवण नवरीच्या घरी. ‘म्हणजे तिथं पण बाप बुडतोच,’ काकूंनी हिशेब मिटवला. पूर्वी काही ठिकाणी लग्नाच्या दिवशी गावातली बिनलग्नाची पोरं नवऱ्या मुलाला उचलून कुंपणापलीकडं फेकायची, असंही मी वाचलं होतं. ते सांगितलं तर एकजण म्हणाली, ‘आपल्या विड्याचीच गत.’ विडा हे आमच्याच तालुक्यातलं गाव. तिथं धुळवडीला गावच्या एका जावयाला गाढवावर बसवतात, गळ्यात चपलांचा हार घालतात, गावभर मिरवतात आणि शेवटी नवे कपडे, सोन्याची अंगठी देऊन मान करतात. कित्येक वर्षांची परंपरा. धुळवड जवळ आली की विड्याचे जावई दुसऱ्या गावाला पळतात आणि विड्याची पोरं त्यांना शोधून आणतात. नवरदेवाची एकदा तरी जिरवल्याशिवाय गावाला तो आपला वाटत नाही. हे पेन्सिल्व्हेनियातही ठाऊक आहे, याचं ओसरीला बरं वाटलं.

मावशी हे सगळं ऐकत होत्या, पण मोजकं बोलत. विजेचा विषय पुन्हा निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘लाइट नको म्हणायला आधी दारात लाइट यावी लागती.’

मावशींनी उमेदीची वर्षं ऊसतोडीत काढली. दसरा झाला की टोळीबरोबर गाडीत बसायचं ते थेट उन्हाळ्यात परत यायचं. कधी सांगलीकडं, कधी कर्नाटकात. राहायला पाचटाची कोपी, उजेडाला रॉकेलची चिमणी, पहाटे अंधारात फडात. आमिश पुस्तकातली नायिकाही चार वाजता उठते, कंदील लावते, गोठ्यात जाते. ते वर्णन लेखिकेनं इतकं जीव लावून केलंय की वाचताना कंदिलाचा मोह पडतो. मावशींना पडला नाही. त्यांनी फक्त विचारलं, की दूध काढायला गडी किती आणि थंडीत पाणी तापवायला काय. मी म्हटलं, गॅस असतो, गॅसवरचा फ्रिजसुद्धा असतो. काही जण जनरेटर ठेवतात, फक्त तारेची वीज नको. मावशींनी मान हलवली. त्यांच्या लेखी प्रश्न संपला होता: ते गरीब नव्हते.

त्यांचं लग्न कसं झालं ते त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, सहज, भांड्यांचं बोलावं तसं. मुकादमाची उचल जोडीला मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या गड्याचा अर्धा. सासऱ्याच्या घरात एक कोयता अर्धा होता, म्हणून दसऱ्याच्या आत लग्न उरकलं. तेव्हा त्यांचं वय चौदा की पंधरा, त्यांना नक्की माहीत नाही. नवऱ्याचं तोंड नीट पाहिलं ते फडात, चौथ्या-पाचव्या दिवशी. ‘मोळी उचलून डोक्यावर देताना,’ म्हणाल्या. यावर काकूंनी थट्टेत विचारलं, ‘मग? आवडला का?’ मावशी हसल्या, पदर नीट केला. ‘मोळी हलकी बांधायचा माझी.’

मी वाचलेल्या पिशवीभर पुस्तकांत याहून चांगलं प्रेमाचं वाक्य मला सापडलं नाही. पण आकडाही विसरता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या दर १०० बायकांमागं ४० हून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. गल्लीतल्या पोरींना हा आकडा सांगावा लागत नाही. वर्गातल्या कोणत्या बाकावरची मुलगी दिवाळीनंतर आली नाही, ते त्यांना माहीत असतं.

काकूंच्या नातीचं लक्ष नेमकं शाळा सुटण्यावरच गेलं. आमिश मुलामुलींची शाळा आठवीला संपते. १९७२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं, विस्कॉन्सिन राज्याविरुद्ध योडर या खटल्यात, त्यांना तशी मुभाच दिली. पुढं शिकवायची सक्ती करणं हे त्यांच्या धर्माच्या आड येतं, असं ठरवलं. ‘म्हणजे केटीला डॉक्टर व्हायचं असतं तर?’ तिनं विचारलं. केटीला तसं काही व्हायचं नव्हतं, असं मी म्हटलं. ‘लेखिकेनं तिला होऊच दिलं नसंल,’ ती म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. हिला मी मराठी घे म्हणत होते, हिनं जीवशास्त्र घेतलं. समीक्षेचं नुकसान झालं.

मांडवातून उठली म्हणून केटीला पंथ वाळीत टाकतो. कादंबरीचं नाव त्यावरूनच आहे. घरात राहायचं, पण ताट वेगळं. तिच्या हातचं कुणी घ्यायचं नाही, तिच्याशी व्यवहार करायचा नाही. आई स्वयंपाक करते, बाजूला वेगळं टेबल मांडते आणि लेकीकडं बघत नाही. हे प्रकरण मी हळू आवाजात सांगितलं, कारण ते खरोखरच चांगलं लिहिलेलं आहे. काकूंना राग आला तो बिशपचा नाही, आईचा. ‘पोटची असती तर केलं असतं का असं?’

मावशी म्हणाल्या, ‘तिनं लग्न मोडलं म्हणून तिचं ताट वेगळं केलं. आमचं तर काही न करता वेगळंच व्हतं.’

आत्याबाईंनी काकूंच्या सुपातला खडा शोधायला मान खाली घातली. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मीच मास्तरकी काढली. म्हटलं, आता आपल्याकडं कायदा झालाय, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा. महाराष्ट्रानं २०१६ चा म्हणून केला, २०१७ च्या जुलैपासून लागू आहे. जात पंचायतीनं कुणाला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. केटीचा बिशप केजमध्ये असता तर पोलीस ठाण्यात बसला असता. ‘तक्रार कोण देणार? केटी?’ मावशींनी विचारलं. कादंबरीतली केटी कुणाकडंही तक्रार देत नाही. ती रडते, प्रार्थना करते आणि खऱ्या आईच्या शोधात निघते.

या पुस्तकांचं अमेरिकेत काय चाललंय ते मी नंतर वाचून काढलं. ‘द शनिंग’नंतर आमिश प्रेमकथांचा पूर आला; २०१२ साली तर दर ४ दिवसांना एक नवी कादंबरी बाजारात येत होती, असा हिशेब व्हॅलरी वीव्हर-झर्कर या अभ्यासक बाईंनी मांडलाय. लिहिणाऱ्या बहुतेक जणी आमिश नाहीत. लुईसबाईही नाहीत; त्यांची आजी मात्र अशाच एका साध्या राहणीच्या मेनोनाइट पंथातून, लग्नासाठी, बाहेर पडलेली होती. वाचणाऱ्या बहुतेक जणी शहर-उपनगरातल्या, चर्चला जाणाऱ्या बायका. वीव्हर-झर्कर यांचं म्हणणं, की या बायका दोन गोष्टींना वैतागल्या आहेत: जगण्याची धावपळ आणि जिकडंतिकडं मांडलेला शरीराचा बाजार. म्हणून त्यांना बग्गी आणि टोपी हवीशी वाटते. पुस्तकात चुंबन आलंच तर शेवटच्या पानांवर, तेही बहुधा लग्न ठरल्यावर.

हे अमेरिकेपुरतं बरोबर असेल. पण काकूंना कसली धावपळ नको झालीये? त्या उभ्या आयुष्यात पुण्याच्या पलीकडं गेल्या नाहीत. मावशींना साधी राहणी कुणी विकू शकणार नाही. आणि तरी दुपारचं जेवण झालं, की ‘चल, केटीचं काय झालं सांग’ म्हणून दोघी हजर. टोपी-बग्गी हे नुसतं वरचं कव्हर आहे. आतला धागा माझ्या ओळखीचा होता. तो मला धारूरला, माहेरी, सापडलेला आहे.

माझं लग्न जमत नव्हतं तेव्हा माहेरच्या आत्यानं माझ्या हातात एकनाथांचं ‘रुक्मिणी स्वयंवर’ ठेवलं. उपवर मुलींनी ते वाचावं, म्हणजे लवकर आणि मनासारखं स्थळ येतं, ही समजूत सगळ्या महाराष्ट्रात आहे. त्याच काळात शेजारच्या ताईकडं चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या वर्तमानपत्राचं कव्हर घालून फिरत होत्या. काकोडकर आमच्या घरात बंद. त्यांच्या ‘श्यामा’ कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता आणि १९६९ साली सुप्रीम कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं होतं, पण त्या निकालाची प्रत धारूरला पोचली नव्हती. तर, काकोडकर नको आणि नाथ रोज. अंघोळ करून, देवघरासमोर, मोठ्यानं. स्वयंपाकघरातून आत्याचं लक्ष असे, की मी ओव्या गाळत तर नाही ना.

आणि वाचलं तर काय? राजाची मुलगी. थोरला भाऊ रुक्मी तिचं लग्न शिशुपालाशी ठरवतो. तिला तो नको, तिनं कृष्णाची कीर्ती ऐकलेली. मग ती एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला पत्र धाडते. भागवताच्या दहाव्या स्कंधात हे पत्र फक्त सात श्लोकांचं आहे, पण पत्ता आणि वेळेसकट: लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडं कुलदेवीची यात्रा असते, मी गावाबाहेर देवीच्या देवळात येईन, तिथून मला घेऊन जा. म्हणजे ज्या गोष्टीसाठी धारूरच्या कुठल्याही मुलीची तंगडी मोडली असती, ती गोष्ट मला देवासमोर, घरच्यांच्या देखरेखीखाली, मोठ्यानं वाचायला लावली होती. कशासाठी? तर मामांनी आणलेलं स्थळ जुळावं म्हणून. तेव्हा मला याचं हसू आलं नाही. पत्राचा प्रसंग आला की माझा आवाज आपोआप बारीक व्हायचा, एवढं आठवतं. आत्या आतून ओरडायची, ‘ऐकू येईना!’ माझं लग्न पुढं केजला ठरलं, ते पारायणामुळं की मामांच्या ओळखीमुळं, हा वाद आमच्याकडं अजून मिटलेला नाही.

नाथांनी हा ग्रंथ शके १४९३ ला, म्हणजे १५७१ साली, काशीत पुरा केला. १८ प्रसंग, सतराशेवर ओव्या. भागवतात हरण आणि लढाई झाल्यावर लग्न चार-दोन श्लोकांत उरकतं. नाथांचं तेवढ्यावर भागत नाही. पळवून नेलेल्या मुलीचं ते हळदीपासून सगळं मराठी लग्न लावून देतात, मानपान, विहिणी, सगळं. नाथ मोठे तत्त्वज्ञ, त्यांनी त्यात जीव-शिवाचं लग्न पाहिलं. पण ऐकायला बसलेल्या बायकांनी काय पाहिलं असेल? पोरीनं आपला नवरा आपण निवडला आणि तरी तिला हळद लागली. केटीच्या गोष्टीत काकू-मावशींना जे हवं होतं ते हेच. नुसतं पळून जाणं त्यांना फारसं नवं नाही, घरी बसून सोसणं तर पाठच आहे. मनातला माणूस मिळावा आणि माहेरचा उंबराही तुटू नये, हे दोन्ही एकदम फक्त पोथीत आणि कादंबरीत घडतं. आमिश कादंबरीत देव, आई-बाप, शेत, पंथ यांतलं काहीही कायमचं सोडावं न लागता प्रेम जमतं, निदान शेवटच्या पानाला तरी. म्हणून ती आजींसमोर वाचता येते.

मराठीतली आद्य कवयित्री मानली जाते ती महदाइसा, तेराव्या शतकातली, महानुभाव पंथातली. सगळं सोडून पंथात आलेली विधवा. तिनं रचलं काय, तर ‘धवळे’. कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी. रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्याच्या निमित्तानं. साध्या राहणीच्या, कडक आचाराच्या पंथातली प्रेमकथा म्हणाल तर ती आपल्याकडं सातशे वर्षांपूर्वीच झालीये आणि लुईसबाईंसारखी बाहेरून लिहिलेली नाही, आतून.

पोथीतला रुक्मी मात्र पोथीत राहत नाही. तो बहिणीच्या मागं रथ घेऊन धावतो. कृष्ण त्याचे केस-मिशा भादरून सोडून देतो, कारण रुक्मिणी भावासाठी हात जोडते. २०१८ च्या डिसेंबरात बीड शहरात प्रेमविवाह केलेल्या एका तरुण मुलाला भर रस्त्यात, बायकोच्या डोळ्यांदेखत मारलं. आरोप तिच्या भावावर होता. ते दोघं कॉलेजातून परीक्षा देऊन बाहेर पडले होते. त्या आठवड्यात वर्गात मुली कशा बसल्या होत्या ते मी पाहिलंय. पोथी वाचायला देणाऱ्यांनी रुक्मीचा हा प्रसंगही मोठ्यानं वाचून घ्यावा, असं मला वाटतं.

एका दुपारी आत्याबाईंनीच वेगळा मुद्दा काढला. ‘त्या टोपीवाल्या पुस्तकांत बिनलग्नाची कुणी राहतच नाही का गं?’ राहते, मी म्हटलं, पण ती मावशी असते, शाळेची बाई असते, आणि बहुतेक वेळा पुढच्या भागात तिचंही जमतं. ‘आपली जोगाई न्हाई राहिली?’ अंबाजोगाईची योगेश्वरी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला निघाली. वऱ्हाड पोचायला उशीर झाला, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी तिथंच कुमारी राहिली. अंबाजोगाईच्या हत्तीखान्यातल्या लेण्यांत ते वऱ्हाड दाखवतात. मार्गशीर्षात तिचं नवरात्र असतं, आम्ही दरवर्षी जातो. परळी तिथून काही फार लांब नाही. मी आत्याबाईंना म्हटलं, मुहूर्त टळला म्हणून काय झालं, दुसऱ्या दिवशी लावायचं की लग्न. ‘तिला पण नको असंल,’ त्या म्हणाल्या. ‘कुणी विचारलं का तिला?’ आत्याबाई पोथीबाहेर इतक्या लांब जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

‘द शनिंग’ हा तीन भागांतला पहिला. केटी घर सोडून निघते आणि पुस्तक संपतं. पुढचे भाग पिशवीत नव्हते. मी भाचीला फोन लावून गोष्ट विचारून घेतली: खरी आई न्यूयॉर्ककडं, मोठ्या श्रीमंताघरची, आजारी, केटी तिच्यापर्यंत पोचते, आणि बुडाला म्हणत होते तो डॅनियल जिवंत निघतो, शेवटी लग्न त्याच्याशीच. मला वाटलं, डॅनियल जिवंत आहे म्हटल्यावर ओसरी आनंदानं ओरडेल. काकूंनी फक्त ‘बरं झालं’ म्हटलं.

‘आणि सांभाळलेली आई? ती आली का लग्नाला?’

ते भाचीला आठवत नव्हतं. तिसरा भाग तिनं टपालानं धाडते म्हणून सांगितलं. तोवर ओसरीवर तीन पक्ष पडले. काकूंच्या मते आई येणारच, मागच्या दारानं का होईना. मावशी म्हणाल्या, आईचं मन होईल, बाप येऊ द्यायचा नाही. नात पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, ‘दोघंबी येत नाहीत. लेकरू झाल्यावर येतील.’ यावर कुणाला काही बोलता आलं नाही, कारण आमच्या तालुक्यात मिटलं तर ते असंच मिटतं.

काकूंनी सूप झटकून निवडलेली तूर डब्यात भरली. ‘ते पुस्तक आलं की पहिल्यापासून वाचत बसू नको बाई. आधी शेवटची पानं बघ आन् मला हाक मार.’